आप्पांची तोफ आणि बारकं

फ्रेम कापली की पट्टीचा एक तुकडा उरतोच. टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून तो टेबलाखाली सरकवायचा. कधीतरी झाडताना टेबल हलवलं की खाली ही रास! कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या फोटो-फ्रेमच्या दुकानात किश्श्यांचंही असंच होतं. एकेक करून साठत जातात, आणि मग एखादं गिऱ्हाईक सहज विचारतं, "सुनंदाताई, ही एवढी मोठी पांढरी लेन्स फळीवर कशाला ठेवलीय?"

झालं! टेबल हललं म्हणून समजा.

ती लेन्स आप्पांची. आप्पा आमच्या भागातले लग्नाचे जुने फोटोग्राफर. साठी ओलांडलेली, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला आणि आवाज असा, की मांडवातला माईक बंद पडला तरी कुणाचं अडू नये. त्यांच्या त्या लांबलचक पांढऱ्या लेन्सला सगळे 'तोफ' म्हणायचे.

रोज संध्याकाळी माझ्या दुकानात चहाला आप्पांशिवाय आणखी दोघं असतात. दिलीप बँकेत आहे. रविवारी पक्ष्यांचे फोटो काढतो आणि उरलेला आठवडा लेन्सचे रिव्ह्यू वाचतो. मल्लूअण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे, इथं गुळाचा व्यापार करतात. ते फोटो काढत नाहीत, पण कसा काढायचा ते सगळ्यांना सांगतात. चौथी मी. माझं काम चहा सांगणं आणि हसू दाबणं.

*

गेल्या उन्हाळ्यात आप्पांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "रोज काय उचलता ते घेऊन या." आप्पा तोफ घेऊन गेले.

डॉक्टरांनी तोफ कॅमेऱ्यासकट हौसेनं डोळ्याला लावली. लगेच खाली ठेवली आणि स्वतःचा खांदा चोळत म्हणाले, "आप्पा, आता वजन कमी करायचं."

आप्पांनी बिचाऱ्यांनी पोटावरून हात फिरवला. "एक भाकरी कमी करतो की!"

"तुमचं नाही हो. हिचं!"

त्यानंतर बरेच दिवस आप्पा चहाला आले नाहीत. आले ते तोफ घेऊनच, आणि ती माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "दिलीप कसली तरी बारकी लेन्स घ्या म्हणतोय. दिवाळीच्या पाडव्यापतोर बघतो. जमलं तर जमलं. न्हायतर सुनंदा, कॅमेऱ्यासकट सगळं इकून टाक. मी आपला घरात बसतो."

ते हसत म्हणाले, पण आम्ही कुणी हसलो नाही. आप्पा घरात बसलेत हे चित्र माझ्या डोळ्यापुढं येईना, आणि खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली. आमच्याकडं माणूस घरात बसला की तो लवकर म्हातारा होतो.

बातमीला काय, पाय असतात. तोफ विकायला निघाली म्हणून इचलकरंजीच्या एका फोटोग्राफरचा त्याच आठवड्यात फोन आला. "पाडवा झाला की सांगते," एवढंच मी म्हणाले.

*

दिलीपनं सगळे रिव्ह्यू पालथे घातले आणि लेन्स मागवली. खोकं माझ्याच दुकानात उघडलं. आतून काळी, बुटकी, तांब्यापेक्षाही आखूड अशी एक वस्तू निघाली. आप्पांनी ती बाजूला ठेवली आणि परत खोक्यात हात घालून ते चाचपू लागले.

"काय शोधताय आप्पा?"

"लेन्स. ही वरली टोपी हाय न्हवं?"

दिलीपच्या काळजाला घरं पडली. "आप्पा, हीच लेन्स! कॉम्पॅक्ट टेलिफोटो हाय. मिटली की एवढीशी, रिंग फिरवली की नळी भाईर येती. हलकी हाय, पर बिल्ड एकदम पक्की. जरा कॅमेऱ्याला लावून बॅलन्स तर बघा!"

आप्पांनी लावली. कॅमेरा पुढं झुकला नाही, हातात नीट बसला. रिंग फिरवली तशी नळी अलगद पुढं आली. त्यांनी ती मिटली, परत उघडली, परत मिटली. लहान मुलाच्या हाती छत्री द्यावी तसं चाललं होतं. चेहऱ्यावर जरा उजेड आला होता, तेवढ्यात अण्णांनी लेन्स मागितली, तळहातावर तोलली आणि मला सांगितलं,

"अक्का, ह्याच्यापरास आमचा गुळाचा खडा जड भरंल की!"

त्याच दिवशी तिचं नाव 'बारकं' पडलं.

संध्याकाळी आप्पा बारकं घेऊन घरी गेले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि काळजीनं विचारलं, "ऱ्हायलेली कवा येनार?"

*

बारक्याचं पहिलं लग्न कोडोलीला होतं. मांडवाच्या दारात नवरीचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, फेटा बांधून उभे. आप्पांच्या गळ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "तोफ कुठाय?"

"ही नवीन घेतलीया. हिच्यातनं तेवढंच लांबचं दिसतंय."

आबांनी बारक्याकडं पाहिलं. मग आपल्या भल्यामोठ्या मांडवाकडं पाहिलं. मग परत बारक्याकडं. "म्हंजे आमचं लगीन बारकं समजलासा व्हय?"

"तसं न्हाय आबा..."

"मग कसं? माझ्या भावाच्या पोरीला तोफ आणलासा, आन माझ्या पोरीला ह्ये?"

भावाभावांत बांधावरून भांडणं होतात हे ऐकलं होतं. लेन्सवरून होतात हे तेव्हा कळलं! आप्पांनी दिवसभर काम केलं, पण त्यांना कुणी 'जेवलासा का' म्हणूनही विचारलं नाही. दुकानात आल्यावर ते म्हणाले, "सुनंदा, लोकं माझा मान करत हुती का तोफंचा, त्येच कळंना झालंय."

यावर अण्णांनी इलाज काढला. पांढऱ्या पाइपचा एक तुकडा आणला, आतून काळा कागद चिकटवला आणि बारक्याच्या तोंडावर बसवला. लांबून बघितलं तर मीसुद्धा फसले. दिलीपनं कपाळावर हात मारला. "ह्या लेन्सची सगळी गंमत तिच्या लहानपणात हाय, आन तुम्ही तिला टाचा उंच करून उभी करताय!"

पण पुढच्या लग्नात मान परत आला. आप्पांना खुर्ची मिळाली, सरबत मिळालं, पोरं वाट सोडू लागली. सगळं रीतसर चाललं होतं. मग नवरीचे मामा जवळ आले. वाकून बघितलं, पाइपवर नखानं टकटक केलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावणं, चार इंची हाय न्हवं ही? माझं पाइपाचंच दुकान हाय. एल्बो लागला तर सांगा की!"

तो तुकडा आता माझ्याकडं आहे. पोस्टर गुंडाळून ठेवायला फार सोयीचा पडतो.

*

बारक्याला बाजूला एक इवलंसं लॉक आहे. कॅमेरा गळ्यात लटकत असताना नळी आपोआप खाली घसरू नये म्हणून ते लावायचं. हे दिलीपनं आप्पांना नीट समजावलं होतं. पण दिलीप समजावू लागला की आप्पा मान हलवतात आणि मनात दुसरंच काहीतरी चालू करतात.

एका लग्नात मंगलाष्टका सुरू झाल्या. अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता. आप्पांनी रिंग फिरवायला घेतली तर ती हलेना. जोर लावला. हलेना. तालमीतला माणूस तो! त्यांनी शर्टाची बाही वर सारली.

"भटजी, थांबा वो! नळी अडाकली!"

भटजी भला माणूस. त्यांनी आणखी एक मंगलाष्टक घेतलं. नवऱ्याचा एक पैलवान दोस्त मदतीला धावला. एकानं कॅमेरा धरला, दुसऱ्यानं लेन्स. दोघांनी पाय रोवले. तरी बारकं तसूभर हललं नाही. एरवी 'एवढ्याशानं काय होतंय' म्हणणारा सगळा मांडव आता श्वास रोखून बारक्याकडं बघत होता. भटजींनी आणखी एक घेतलं.

दिलीप जेवायला म्हणून आला होता. तो शांतपणे पुढं आला, अंगठ्यानं लॉक सरकवलं आणि जागेवर जाऊन बसला. नळी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली.

भटजींनी घाम पुसला. "आप्पा, इतक्यांदा सावधान म्हणालोय, आता नवरदेव पळून गेला तर मला बोलू नका!"

*

दिलीप सारखं सांगायचा, "बिल्ड क्वालिटी अशी, की धूळ न्हाय, पाणी न्हाय, आत काय बी शिरत न्हाय."

त्याची परीक्षा एका जावळाच्या जेवणात झाली. वाढप्याचा पाय घसरला आणि तांबड्या रश्श्याची अख्खी बादली बारक्यावर! वर तर्री तरंगत होती. आप्पांनी लगोलग दिलीपला फोन लावला.

"दिलीप, पाण्याचं लिहिलंय म्हनालास. रश्श्याचं काय लिहिलंय का बघ!"

बारकं माझ्याकडं आलं. मी ओल्या फडक्यानं पुसलं, कापसानं रिंगच्या फटी साफ केल्या. आत खरंच एक थेंब गेला नव्हता. काच लखलखीत, रिंग पहिल्यासारखी फिरत होती. दिलीपची छाती फुगली. फक्त वास तेवढा जाईना. कांदा-लसूण चटणीचा वास तो, हट्टाला पेटला की पेटला.

आणि दुसऱ्याच दिवशी अण्णांच्या पुतणीचं लग्न! अण्णांचं घर कडक शाकाहारी, सोयरे सगळे सीमेकडचे. आप्पा अण्णांच्या आईचा, म्हणजे अव्वांचा, जवळून फोटो घ्यायला वाकले. अव्वांनी नाक वर केलं, दोनदा हुंगलं आणि अण्णांना हाक मारली.

"मल्लू, ह्या पावण्यांचा कॅमेरा काय जेवून आलाय बघ!"

तेव्हापासून अण्णा बारक्याला हात लावत नाहीत. चहाच्या वेळी आप्पांनी पुढं केलं की दोन्ही हात मागं घेतात. "नको आप्पा, माझ्याकडं देऊ नका. ते मटण खातंय."

*

कोडोलीच्या लग्नाचे फोटो माझ्याकडंच छापायला आले. आप्पांचे अल्बम मी वर्षानुवर्षं छापतेय. त्यांतली सगळी माणसं ताठ! तोफ समोर आली की कोल्हापूरचा माणूस छाती काढतो, मिशीवरून बोट फिरवतो आणि श्वास धरून उभा राहतो. अल्बम बघताना वाटावं, हे लग्न की भरतीचं मैदान?

या वेळी एक फोटो वेगळाच निघाला. मुलीची पाठवणी चाललीय. गर्दीच्या मागं, मांडवाच्या खांबाला धरून आबा उभे आहेत. तेच आबा, मांडवाच्या दारात भांडलेले. फेटा सुटलाय, त्याचा शेव तोंडात धरलाय आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. एवढंसं बारकं आपल्याकडं रोखलंय हे त्यांना कळलंच नव्हतं. माझेही डोळे भरून आले. मला माझे वडील आठवले.

आबांचा मुलगा अल्बम न्यायला आला आणि तो फोटो बघून घाबरला. "ताई, ह्यो काढून टाका. आबा रडत न्हाईत."

काढून टाकते, मी म्हणाले. पण चार दिवसांनी आबा स्वतःच दुकानात हजर! मुलाच्या तोंडून काहीतरी निसटलं असणार. "तसला कुठला फोटो हाय म्हणं?" मी भीत भीत दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. चहा निवून गेला.

"मोठा करून द्या," ते म्हणाले. "पर सोप्यात न्हाय लावायचा. आतल्या खोलीत."

"बरं आबा."

दारापर्यंत जाऊन ते परत आले. इकडं तिकडं बघून हळूच विचारलं, "माझ्या भावाच्या अल्बमात असला हाय का?"

"नाही. त्यात सगळे ताठ आहेत."

"मग झालं!"

मी आनंदानं हे आप्पांना सांगितलं. ते खूश झाले, पण घटकाभरच. म्हणाले, "लग्नाचं ठीक हाय. पर बावड्याच्या पाडव्याला जमलं तर खरं. तितं न्हाय जमलं तर मग कशाला वडाताण करायची?"

*

आता बावड्याचा पाडवा काय ते सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला कसबा बावड्यात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं धावत सुटलेली! हिंदुरावांची मैना ही त्यातली पट्टराणी. दर वर्षी आप्पा तिचा फोटो काढायचे. ती धावता धावता मान वळवायची आणि थेट तोफेत बघायची. बाकी कुणाच्या कॅमेऱ्याकडं तिनं ढुंकून बघितलं नाही. तो फोटो बावड्यातल्या कितीतरी घरांत माझ्या फ्रेममध्ये टांगलेला आहे. आप्पा मिशीवर ताव देऊन सांगायचे, "मैना फकस्त मला वळाखती!"

या पाडव्याला दुकान बंद करून आम्ही सगळे गेलो. आप्पा बारकं घेऊन रस्त्याच्या कडेला बसले. हिंदुरावांची गाडी फटफटत आली, मागं मैना, धुरळा, शिट्ट्या! मैना आप्पांसमोरून गेली. बघितलं नाही. दुसरी फेरी झाली. तरी बघितलं नाही.

हिंदुराव गाडीवरूनच ओरडले, "आप्पा, म्हशीनं वळाखलं न्हाय की तुमास्नी!"

रस्ताभर हशा पिकला. आप्पाही हसले. पण हसत हसत त्यांनी बारक्याला टोपण लावलं, ते मी बघितलं. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्या इचलकरंजीवाल्याला फोन लाव बाई," आणि पलीकडं चहाच्या टपरीवर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून.

अण्णा मात्र हिंदुरावांच्या कारभारणीकडं गेले. "वहिनी, मैनेला पेंड कशात घालता?"

"ह्या बादलीत की! हिच्याबिगर खात न्हाय ती. ही दिसली की कुटनं बी पळत येती."

बादली पांढरी होती. उंच, गोल, निमुळती. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी दिलीपकडं. दिलीप खरं बोलायला तोंड उघडणारा माणूस, म्हणून मी त्याला आधी चिमटा काढला आणि मग दुकानाची किल्ली दिली. तो तोफ घेऊन आला. आप्पांना मी एवढंच म्हणाले, "एकच फेरी अजून. माझ्यासाठी."

तिसऱ्या फेरीला अण्णा तोफ पोटाशी धरून रस्त्याकडेला उभे राहिले. मैना वळणावर आली, तिनं तोफ बघितली आणि मालकाची गाडी सोडून सरळ अण्णांवर चाल केली! जगाला सल्ला देणारे आमचे अण्णा जागच्या जागी उड्या मारत "अव्वा! अव्वा!" ओरडू लागले. आणि आप्पा पळाले. एका हातात बारकं घेऊन, धोतर सावरत, साठी ओलांडलेला माणूस पळाला! तोफ असती तर जागचे उठले नसते.

मैनेनं तोफेला तोंड लावलं. काच चाटली. आत पेंड नव्हती. तिनं फुर्रकन नाक सोडलं, मान वर केली आणि पाहते तर आप्पा शेजारी, हातभर अंतरावर. इतक्या जवळचं तोफेला कधीच दिसलं नव्हतं. तिला लांबचंच कळायचं. बारक्याला दिसत होतं. मैनेनं आप्पांकडं मान लांबवली आणि तशीच बघत राहिली. आप्पांनी बटण दाबलं.

त्या फोटोत तिच्या पापणीचा केस न् केस दिसतो आणि केसावरचा धुरळाही. हिंदुराव गाडी बंद करून आले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. मग आप्पांच्या दुखऱ्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला आणि आठवण होऊन तो नुसताच ठेवला.

संध्याकाळी आम्ही दुकानात चहा पीत होतो. दिलीप तोफेवरची लाळ पुसत होता. आमच्यापैकी कुणीही बादलीचा विषय काढला नव्हता, काढणारही नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. इचलकरंजीहून.

"ताई, पाडवा झाला. काय ठरलं?"

मी फोनवर हात ठेवून आप्पांकडं बघितलं. ते बारकं मिटून पिशवीत ठेवत होते. पिशवीची चेन लावली, बशीतला चहा संपवला आणि मान वर न करता म्हणाले,

"बारकं माझ्याजवळ ऱ्हातंय. आन तोफ इकायची न्हाय म्हणून सांग. म्हशीला लागती ती."